खिशातले हात

बाबा माझ्याकडे अमेरिकेत, हर्नडनला आले आणि आठ दिवसांत घरातल्या सगळ्या दुरुस्त्या संपल्या. कपाटाचं दार, करकरणारा पलंग, समोरच्या नागपूरकरांचं डुगडुगणारं स्टूलसुद्धा. चाळीस वर्षं मुंबईच्या गोदीत लाकडी होड्या दुरुस्त केलेला माणूस, त्याला नुसतं बसवून ठेवणं म्हणजे शिक्षाच. नवव्या दिवशी ते खिडकीशी बसून पार्किंगमधल्या गाड्या बघायला लागले, तेव्हा मला धसका बसला. त्या शनिवारी मी त्यांना दोन तासांवरच्या एका बंदरात घेऊन गेले. तिथे एकोणिसाव्या शतकातलं फ्रिगेट जातीचं लढाऊ जहाज धक्क्याला बांधून ठेवलं आहे, तीन डोलकाठ्यांचं, शिडांवर चालणारं. आता ते कुठे जात नाही, लोक तिकीट काढून बघायला येतात.

आधी एक कबूल करते. बाबा कुणालाच घाबरत नाहीत, पण मी भित्री आहे. चौदा वर्षं व्हिसावर काढली की माणूस दुसरं काय होणार? माझी एक निळी फाइल आहे. तिच्यात प्रत्येक नोकरीचं पत्र, प्रत्येक शिक्का, पासपोर्टच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स आहे. त्या वेळी ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू तीन आठवड्यांवर आला होता. त्या दिवसांत पिवळा दिवा दिसला तरी मी गाडी थांबवायचे आणि मागचे हॉर्न मुकाट ऐकून घ्यायचे.

जहाजावर चढतानाच एक मोठा फलक आहे, त्यावर जहाजाची सगळी कारकीर्द लिहिलेली. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी ओळ न् ओळ सांगत गेले. पाण्यात कधी उतरलं, कुठल्या समुद्रात गस्त घातली, गुलामांची वाहतूक करणारी जहाजं कशी अडवली. मग वाफेची जहाजं आली आणि याची पत गेली. मग खलाशांच्या पोरांना शिकवायला वापरलं, मग वर छप्पर घालून नुसतं बांधून ठेवलं. एकदा मोडीतच निघणार होतं, ते कुणीतरी वाचवलं.

"आणि दुरुस्त्या?" बाबांनी विचारलं.

"मध्ये मध्ये लिहिलंय, दुरुस्तीसाठी गोदीत म्हणून."

"मग ती खरी हकिगत, बाय. जहाज म्हणजे दुरुस्त्याच. मधल्या वेळात ते फिरून येतं एवढंच."

वरच्या डेकवर त्या दिवशी काम चाललं होतं. दोन फळ्यांच्या सांध्यात तागाचे डांबरलेले तंतू वळून घालायचे, बोथट छिनी लावून लाकडी हातोड्याने ठोकून बसवायचे आणि वरून डांबर ओतायचं. पाच-सहा हौशी माणसं गुडघे टेकून ते करत होती. बाबा समोरच्या बाकावर बसले ते उठेचनात. त्यांची बोटं गुडघ्यावर ठोके धरत होती.

"भरला नाही अजून," ते पुटपुटले. "आवाज बघ कसा बद्द येतोय. नीट बसला की टणक वाजतो."

तिथली मुख्य सुतारीण, पांढऱ्या केसांची वेणी घातलेली बाई, त्यांच्याकडे बघत होती. कारागिराला कारागीर ओळखता येतो म्हणतात, ते खोटं नाही. ती उठून आली, हसली आणि तिने हातोडा बाबांसमोर धरला. बाबांचे दोन्ही हात पुढे झाले. तेवढ्यात तिने मला एक कागद दिला. नाव, पत्ता, सही. "जस्ट फॉर इन्शुरन्स," ती म्हणाली.

सही! बाबा टूरिस्ट व्हिसावर आलेले. टूरिस्टने काम करायचं नसतं. पगार नसला तरी ते काम धरतात का, मला माहीत नव्हतं आणि माहीत नसलेलं सगळं मला गुन्ह्यासारखं वाटतं. इंटरव्ह्यूला कुणी हाच कागद माझ्यासमोर सरकवला तर?

"नो, नो! ही कान्ट. ही इज ऑन अ व्हिजिटर व्हिसा!" मी बोलले, आणि नको तेवढ्या मोठ्याने बोलले. ठोकणारी माणसं थांबली. बाई ओशाळली, हातोडा मागे घेतला. बाबांना बाकी काही कळलं नसेल, पण व्हिसा हा शब्द त्यांना कळला.

"राहू दे," ते म्हणाले. "तू म्हणतेस तर बरोबरच असणार." आणि त्यांनी हात जॅकेटच्या खिशात घातले.

गाडीत बसल्याबसल्या मी ग्रीन कार्डचं काम बघणाऱ्या वकिलीणबाईंना ईमेल केला, हे चाललं असतं का म्हणून. उत्तर आलं नाही. पुढचे दोन्ही शनिवार बाबांनीच हट्ट धरला, चल, जहाजावर जाऊ. दोन्ही वेळा ते त्याच बाकावर बसले, हात खिशात घालून. ऊन असो, वारा असो, हात बाहेर म्हणून नाही. मला त्यांचा राग यायचा. माझ्यावर रुसलेत आणि मला दिसावं म्हणून असे बसतात, असंच मी धरून चालले होते.

इंटरव्ह्यू वीस मिनिटांत संपला. निळी फाइल अर्धीसुद्धा उघडली नाही. बाबांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. दहा दिवसांनी बाबा परत गेले. जॅकेट माझ्याकडेच ठेवून गेले, मुंबईत ते काय कामाचं?

ते गेल्यावर चार दिवसांनी वकिलीणबाईंचं उत्तर आलं. "उशीर झाला, माफ करा; म्युझियममध्ये एका दुपारी हौसेने हातोडा धरला असता तर मी तरी त्याची चिंता केली नसती." बस, एवढंच. मी ते दहा वेळा वाचलं आणि स्वतःला हव्या तेवढ्या शिव्या घातल्या.

मग ते जॅकेट धुवायला काढलं. खिसे रिकामे करायला हात घातला तर बोटांना काहीतरी चिकट लागलं. बाहेर काढली ती तागाची दोरी, करंगळीएवढी जाड, हातभर लांब, अगदी एकसारखी वळलेली. दुसऱ्या खिशात तशीच दुसरी. डेकवर पडलेले वाया गेलेले तंतू ते माझी नजर चुकवून उचलत होते आणि कुणाला दिसू नये म्हणून खिशातल्या खिशात वळत होते. दोन शनिवार. मी जमिनीवरच बसले आणि ढसाढसा रडले.

ग्रीन कार्ड आलं त्या शनिवारी मी दोऱ्या घेऊन जहाजावर गेले. वेणीवाल्या बाईने त्या बोटांमधून फिरवून बघितल्या, एकदा माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता बाकासमोरच्या सांध्यात एक घातली. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. मी फोन फळीजवळ धरला, ती ठोकू लागली.

"थांबू नको म्हणावं," बाबा डोळे मिटून म्हणाले. "अजून दोन."

मी सांगितलं. तिने दोन ठोके दिले. आवाज टणक आला, मलासुद्धा कळला.

"बस. बसली," बाबा म्हणाले. चेहरा उजळला होता. मग तो एकदम उतरला. त्यांनी फोन तोंडाजवळ आणला आणि आवाज अगदी खाली आणून, कुणी ऐकत असल्यासारखं विचारलं:

"बाय, हे चालतं ना? तुला काही करणार नाहीत ना?"

"चालतं बाबा," मी म्हणाले. कुणालाही न घाबरणाऱ्या माणसाला हा प्रश्न मी शिकवला होता.