जेजुरीच्या पायरीवरचा फोटो

मंडळी, आज दुकानात मन लागेना, म्हणून लिहितोय.

दुपारी शिरूरच्या माझ्या स्टुडिओत वडगाव रासाईचे एक आबा आले. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो मीच काढलेले. लग्नानंतर ती अमेरिकेला गेली.

"अल्बम परत बनवून मिळंल का? तिच्या आईनं रागाच्या भरात चुलीत घातला," आबा म्हणाले.

मग हळूहळू कळलं. जावई मारायचा. ग्रीन कार्ड त्याचं, तिचं तिथं राहणं त्याच्याच अर्जावर, त्यामुळं "तोंड उघडलंस तर परत पाठवीन" ही धमकी रोजचीच. आता ती घर सोडून एका संस्थेच्या आसऱ्याला आहे. तिथल्या वकीलबाई म्हणाल्या, अशा बायकोला नवऱ्याच्या सहीशिवाय, स्वतःच्या नावानं तिथं राहायच्या हक्कासाठी अर्ज करता येतो. फक्त मारहाण झाली हे, आणि लग्न खरं होतं, कागदापुरतं नव्हतं, हेही दाखवावं लागतं.

जुन्या हार्ड डिस्कवर फोटो सापडले. जेजुरीच्या पायऱ्यांवर त्यानं तिला उचलून घेतलंय आणि ती खळखळून हसतेय.

आबांनी स्क्रीनवर जावयाच्या तोंडावर अंगठा धरला. "एवढा कापता येत न्हाई व्हय?"

"नाही आबा. तो पाहिजेच."

आबांनी स्क्रीनवरचा अंगठा काढला. मग म्हणाले, "तर मग दोघं सुखात दिसतील असंच निवडा."

स्थळ बघताना आपण मुलाचा पगार विचारतो, घर विचारतो. तिथं राहायचा हक्क आपल्या पोरीच्या स्वतःच्या नावावर कधी होणार, हे तुमच्यापैकी कुणी विचारलं होतं का हो?