रस्त्यावरचं गोडाऊन

माझा धाकटा भाऊ रविराज टेम्पो चालवतो, असं लोक म्हणतात. कसला चालवतो! टेम्पोत बसून राहतो. धायरीची जमीन बिल्डरला गेली, त्या पैशात टेम्पो घेतला आणि एका मोटारीच्या कंपनीला सीटा पोचवायच्या कामाला लावला. त्या कंपनीला माल साठवलेला खपत नाही. साठा म्हणजे पैसा सडवणं, असं साहेब लोक म्हणतात. लागेल तेव्हा, लागेल तेवढंच. गोडाऊन पाडून त्यांनी तिथं हिरवळ लावली आहे आणि पाहुण्यांना दाखवतात, बघा, एक खोकं पडलेलं नाही. कसं पडेल? खोकी सगळी हायवेच्या कडेला, रव्याच्या टेम्पोत. फोन आला की निघायचं, तोवर गाडी सोडायची नाही. गाडी सोडून चहाला गेलेल्या एकाचं काम त्यांनी काढून घेतलं, तेव्हापासून रव्यानं धसकाच घेतला.

टेम्पो उभा राहायचा तिथून आमचं घर हाकेच्या अंतरावर. तरी डबा मीच नेऊन द्यायचे.

आमच्या आईचं, सरुबाईचं, होत आलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्या दिवशी सकाळपासून तिनं रव्याचा धोशा लावला. मी तणतणत टेम्पोपाशी गेले. म्हटलं, पाच मिनिटं चल, आई काही आजचा दिवस काढत नाही. त्याचे डोळे भरले, पण नजर मोबाइलवरच. आता फोन येईल ताई, माल टाकून सरळ घरीच येतो, म्हणाला. असा संताप आला मला, मुस्काटात द्यावीशी वाटली.

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्याला येता येईना, तर मलाच ने की, श्यामे. लांब का हाय?"

शेजारच्या बापूरावांनी तिला उचलून रिक्षात बसवलं. तिचं डोकं मी मांडीवर घेतलं. पोचलो, तर जागा रिकामी. नुकताच गेला, असं पानवाला म्हणाला. आई त्या रस्त्याकडे बघत राहिली. चिडली असती, तर मला बरं वाटलं असतं. "कामाला गेलं आसंल पोर. चल मंग," एवढंच बोलली. दुपारी ती गेली.

रव्या तेव्हा कंपनीच्या फाटकाबाहेर ताटकळत होता. दुसऱ्या कुणाचे नट-बोल्ट आले नव्हते, म्हणून आतलं सगळं काम बंद होतं. सीटा कुणालाच नको होत्या. माझा फोन आल्यावर तो रडतच साहेबाकडे गेला. साहेबाला खरंच वाईट वाटलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अहो, मग थांबलात कशाला? तुम्ही जा. गाडी तेवढी इथं राहू द्या."

घरी आल्यावर आईच्या पायाशी बसून त्यानं मला हे सांगितलं. मी विचारलं, सकाळीच का नाही विचारलंस त्याला?

"नाहीच म्हणतील असं वाटलं, ताई," रव्या म्हणाला.