घोरपडीची पाच बोटं

पत्रक मीच लिहिलं होतं, नांदेडला छापून घेतलं होतं. ‘पाच बोटं बघा! घोरपड तुमची जवळची नातलग आहे! मारू नका!’ उद्गारचिन्हं भरपूर. माणूस लाजला की सुधारतो, अशी माझी ठाम समजूत होती.

जळकोटजवळच्या गावात मामानं घोरपड धरल्याचं कळलं आणि मी तडक तिथं पोचलो. कोंबड्यांची अंडी खाल्ली म्हणून तिला पोत्यात बांधून मामा कुऱ्हाड घेऊन बसलेला. मी भडकलोच. “गुन्हा आहे हा, मामा!” म्हणत पत्रक वाचून दाखवलं. पोत्याच्या भोकातून तिचा पंजा बाहेर आला होता. मामानं तो पाहिला, स्वतःचा हात पाहिला, कुऱ्हाड खाली ठेवली. जिंकलो!

तेवढ्यात त्याची पोरगी दारातून बोलली. ती लातूरला क्लास लावून जीवशास्त्र घोकते.

“दादा, हे चूक हाय. आपल्या शेळीच्या पायाला दोनच खूर, तरी घोरपडीपरीस आपल्याला जवळची तीच. अंगावर केस हायेत, पिल्लाला दूध पाजते. पाच बोटं लई जुनी. कुणी ठेवली, कुणी सोडली. त्यावरून जवळचं कोण ते ठरत न्हाई.”

“हे आत्ताच सांगायचं होतं का?” मी ओरडलो. मामाचा हात पुन्हा कुऱ्हाडीवर.

पण तो तिथंच थांबला.

“आज्याच्या घंगाळावानी म्हण की,” मामा म्हणाला. “एक माझ्याकडं हाय, एक चुलतभावाकडं. सख्ख्या भावानं त्याचं मोडीत घातलं. म्हून काय चुलत सख्ख्याहून जवळचा झाला?”

“न्हाई ना. पण आजा एकच व्हता, एवढं तर कळतंय, आबा.”

पोटतिडकीनं भांडायला आलेला मी त्या पंज्याकडं नुसता बघत राहिलो. केस नव्हते, दूध नव्हतं, तेव्हाच्या कुणाची तरी ही पाच बोटं. तिथून पिढ्यानपिढ्या हात न सुटता तिच्यापर्यंत आली, माझ्यापर्यंत आली. ज्या बोटांत मी पत्रक धरलं होतं, ती माझी एकट्याची कधी नव्हतीच.

“लांबची का होईना, भावकी आहे, मामा. भावकीला कुणी मारतं का?”

“भावकीलाच तर मारत्यात, पोरा,” मामा हसला आणि पोतं उचलून ओढ्याकडं निघाला.

गाठ सोडताच ती सरसर गेली. “पुन्हा अंड्याला आलीस तर बघ!” मामा मागून ओरडला. चिखलात पाच-पाच बोटांचे ठसे, मधून शेपटीची रेघ, शेजारी मामाचं अनवाणी पाऊल. मी किती वेळ वाकून बघत होतो, कोण जाणे.

नांदेडच्या एसटीत उरलेल्या प्रत्येक पत्रकावरचा ‘जवळची’ हा शब्द पेनानं खोडत बसलो. ‘नातलग’ तसाच ठेवला.