दोर तुटला नाही

मे महिन्यातल्या दुपारची झोप मला पायांकडून येते. आधी टाचा जड होतात, मग पोटऱ्या, आणि तोवर डोकं मात्र जागं असतं, पंखा किरकिरतोय हे ऐकत असतं. चष्मा अजून नाकावर आहे. तो काढून ठेवायला हवा असं वाटतं आणि हात उचलत नाही. छातीवर कागद आहेत, श्वासाबरोबर वर-खाली होणारे.

कागद हेमाचे आहेत. हेमा माझी पुतणी, माझ्या थोरल्या भावाची मुलगी. इथे कोल्हापुरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. उद्या पौर्णिमा. ती आणि तिच्याबरोबरची मंडळी घाटाकडच्या जंगलात पाणवठ्यांवर जनावरं मोजायला बसणार आहेत, झाडांवर बांधलेल्या मचाणांवर. यंदा प्रत्येकाला एक पट्टा मिळाला आहे. खांदे, छाती आणि मांड्या यांच्याभोवती आवळायचा आणि झाडाला अडकवायचा. परदेशात झाडावर बसून शिकार करणारे लोक असे पट्टे वापरतात म्हणे. त्यासोबत आलेल्या सूचना इंग्रजीत आहेत.

"काका, मराठी करून द्याल?" हेमा म्हणाली. "आमच्यातले निम्मे लोक तिथल्या वाड्यांवरचे आहेत. पण सोपं लिहा हं. तुमचं वाचनालयातलं मराठी नको."

मी आयुष्यभर कोकणातल्या एका लहान वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली. लिहिलं काहीच नाही. त्यामुळे दोन दिवस मी या चार पानांवर घाबरत काम करतो आहे. शब्द चुकला तर माणूस झाडावरून खाली. संध्याकाळी ती कागद न्यायला येईल. सगळं झालं आहे, एक ओळ सोडून.

ती ओळ म्हणते की पडताना पट्ट्यानं धरलं म्हणजे माणूस वाचला असं समजू नये. पट्ट्यात लोंबकळणाऱ्याचं रक्त पायांत अडकतं, छाती आवळते, आणि थोड्या वेळात तो लोंबकळताच मरू शकतो. म्हणून पायाखाली घ्यायची एक वादी सोबत ठेवावी, तिच्यात पाय रोवून उभं राहावं, आणि इतरांनी त्याला तातडीनं खाली घ्यावं.

ही ओळ मी लिहिली तर हेमाला कळेल तिचे वडील कसे गेले.

तिला सांगितलेलं आहे ते असं: बाबा पारधीला गेले होते, माचावरून खाली दगडावर पडले आणि जागच्या जागी गेले. खरं असं की जयरामदादा पडलाच नाही. ऐनाच्या झाडावरची त्याच्या पायाखालची फांदी मोडली, काखेखालून बांधलेल्या दोरानं त्याला धरलं, आणि तो तसाच हवेत राहिला. आमच्याकडे पारधीचा नियम होता की रानात हाकारा सुरू झाला की माचावरच्यानं बोलायचं नाही आणि हाकारा संपल्याचा शंख वाजेपर्यंत खाली उतरायचं नाही. उतरलेल्या माणसाला सावज समजून गोळी लागते, म्हणून. नियम चांगलाच होता. आसपासच्या झाडांवर चार माणसं होती. चौघांनी तो पाळला. शंख वाजला तेव्हा दादाच्या अंगावर ओरखडाही नव्हता. "दोर तुटाक नाय हां," लोक तेराव्यालासुद्धा म्हणत होते, दोर विणणाऱ्याचं कौतुक करावं तसं. ते हेमाच्याही कानावर पडलेलं आहे, ही ओळ वाचली की ती दोन्ही जोडेल.

मी ती ओळ पुन्हा वाचतो. अक्षरं मुंग्यांसारखी एकीकडे चालू लागतात.

"वामन्या," वरून कोणीतरी म्हणतं.

मी वर पाहतो. पंखा नाही. वाचनालयातली कपाटं आहेत, पण ती संपत नाहीत, वर वर जातात, आणि वरच्या कप्प्यांना पानं फुटली आहेत. ऐनाची, रुंद. जुन्या पुस्तकांचा आणि ओल्या सालीचा वास एकच आहे, हे मला आजवर कसं कळलं नाही, असं वाटतं.

"म्हातारो झालंस मेल्या," दादा म्हणतो.

तो वर, कपाटांच्या मध्ये, हवेत आहे. खाकी अर्धी चड्डी, दंडावर ताईत. काखेखालून दोर. चाळिशीही गाठलेली नाही. माझा थोरला भाऊ माझ्या मुलासारखा दिसतो, आणि मला आधी लाज वाटते, माझ्या पांढऱ्या केसांची.

"तू खंय झालंस," मी म्हणतो.

"माका कोण होऊक देता! डुकर खंयच्या पानार हा, बघ तरी. तुझ्या पुस्तकात असतलो."

ही त्याची जुनी थट्टा. मी पारधीला कधी गेलो नाही, म्हणून. मी हसतो. हसताना त्याचे पाय दिसतात. अनवाणी, तांबड्या मातीनं भरलेले, आणि दोन्ही पायांचे अंगठे खाली ताणलेले, जमीन शोधत असल्यासारखे. माझं हसणं थांबतं.

"दादा, दुखता काय?"

"पायांखाली कायच नाय रे," तो म्हणतो. तक्रार नाही. पायात चप्पल नाही म्हणावं तसं.

शिडी कुठे आहे? वाचनालयात शिडी होती, लाकडी, तिसरी पायरी कुरकुरणारी. मी कपाटांमधून धावतो. पाय धावत नाहीत, पानांत रुततात. प्रत्येक कपाटाच्या माथ्यावर एकेक माणूस बसलेला आहे, बंदूक मांडीवर. बाबल मेस्त्री मला ओळखू येतो. तोच नंतर आमच्या पडवीत येऊन म्हणाला होता, "बराच वेळ फांदी हलत होती. आमका वाटला, वारो."

"बाबल," मी म्हणतो, "उतर. दादा थंय लोंबता."

बाबल ओठांवर बोट ठेवतो.

"अरे, तो मरात!"

सगळ्या कपाटांवरून बोटं ओठांवर जातात. आणि भिंतीवरची पाटीही दिसते, माझ्याच अक्षरातली: शांतता राखा. ती पाटी मी रंगवली होती, निळ्या रंगात. पोरं खुसखुसली की मी बोलत नसे, नुसता पाटीकडे पाहत असे.

"ओरड ना, वामन्या," दादा वरून म्हणतो. त्याचा आवाज बारीक झाला आहे, छातीत हवा मावत नसावी तसा.

मी तोंड उघडतो. काहीच येत नाही.

"माका ओरडूक जमणा नाय," मी म्हणतो, तेही पुटपुटत.

"ता माका म्हायत आसा," तो म्हणतो, आणि त्यात इतकी माया असते की मला ती सोसत नाही.

आता आम्ही स्वयंपाकघरात आहोत. वहिनी जमिनीवर बसून कोकमं फोडते आहे. हात कोपरापर्यंत लाल. वहिनीला जाऊन दोन पावसाळे झाले, पण इथे ती तरुण आहे, कपाळ कोवळं. दादा छपराच्या वाशाला लोंबतो आहे, तिच्या डोक्याच्या थोडा वर. त्याच्या पायाची माती तिच्या कोकमांत पडते. ती वर न बघता ती निवडून बाजूला टाकते.

"भावोजी, पोरीक सांगू नकात," ती म्हणते. तेव्हा म्हणाली होती तसंच. "पडलो नि गेलो, इतक्याच सांगा. नायतर ती जल्मभर वर बघत रवतली."

"वहिनी, ती उद्या वरच बसतली."

तिचे हात थांबतात.

"कोण?"

"हेमा. माचार."

"माझा चेडू?" दादा वरून विचारतो. "त्या एवढ्याशा चेडवाक कोण घेता माचार? तिका झोप आवरणा नाय."

"ती आता तुझ्यापेक्षा मोठी हा, दादा."

मला वाटतं, तो हिशेब करतो आहे आणि तो जमत नाही. मग तो विचारतो, "बांधून घेता ना?"

"पट्टो आसा. चांगलो. खांद्यावरसून, मांडयेवरसून."

"तुटाचो नाय?"

"नाय."

"मगे ताच सांग तिका," तो म्हणतो. "न तुटणाऱ्याचाच भय. माझो खंय तुटलो?"

वहिनी वर बघते. मला वाटतं, पहिल्यांदाच बघते. तिचा लाल हात तोंडावर जातो, पण ती काही बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मला कोणीतरी सांगायला हवं आहे. मी नेहमीच असा. हो म्हणणारा कोणी दिसेपर्यंत थांबणारा.

"दादा, मी सांगू काय तिका? तू कसो गेलंस ता?"

"खंय गेलंय?" तो म्हणतो. स्वयंपाकघर नाही, वहिनी नाही. ऐनाचं झाड आहे, एकच, आणि लांबून हाकाऱ्यांचे डबे वाजतात, कधी जवळ, कधी पाण्याखालून. "तुम्ही सगळ्यांनी मेळान माका पाडलास. दगडावर. मी पडूकच नाय, वामन्या. मी हयच आसय. दिसतंय मा?"

दिसतो. त्याचा चेहरा आता काळसर निळा होऊ लागला आहे. मी झाडाखाली आहे आणि तो माझ्या डोक्याच्या वर एवढाच, हात उंच केला तर पोचेल इतकाच. त्या दिवशीही तो इतकाच वर होता का? मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो. मी वाचनालयात होतो, आणि बहुधा पाटीकडे पाहत होतो.

डबे वाजतात. शंख वाजत नाही. चारी झाडांवर चार माणसं आहेत, ओठांवर बोटं. वाईट माणसं नाहीत ती. त्यांतल्या एकानं मला चिंचा आणून दिल्या होत्या लहानपणी.

"पाय," दादा म्हणतो. एवढंच.

मी हात वर करतो. बोटांत बोटं गुंफतो, तळहात आभाळाकडे, लहानपणी आंब्यावर चढताना तो माझ्यासाठी करायचा तसे. त्याचा उजवा पाय चाचपडतो, माझ्या मनगटाला लागतो, घसरतो, आणि मग टाच माझ्या तळहातांत बसते. गार आहे. बोटं माझ्या बोटांवर घट्ट वळतात. मग वजन येतं. एवढं वजन येतं की माझे गुडघे वाकतात, खांद्यांत काहीतरी करकरतं, आणि मला खात्री वाटते की मी त्याला सोडणार. मी सगळं सोडत आलो आहे. वर दोर सैल पडतो.

दादा श्वास घेतो. लांब, फाटका, आत ओढलेला श्वास.

"हां," तो म्हणतो. "असो."

"किती वेळ धरू?"

"त्यांका उतराक सांग."

"ते ऐकत नायत."

"तू खंय सांगलंस?"

मी तोंड उघडतो. यावेळी आवाज येतो. कसला येतो ते सांगता येत नाही, शब्द नसतो त्यात, म्हाताऱ्या गुराचा असावा तसा. तो मला झोपेच्या दोन्ही बाजूंनी ऐकू येतो.

पंखा फिरतो आहे. गळा खरवडला गेला आहे. चष्मा कानावरून सुटून गालावर आला आहे, कागद जमिनीवर. माझे हात छातीवर आहेत, बोटांत बोटं गुंफलेली, तळहात वर.

तळहातांत माती आहे.

ओली, तांबडी. मी उठून बसतो आणि हलत नाही. शंका घेणं हा माझा स्वभाव आहे, म्हणून मी सगळं बघतो. आमच्याकडे कुंडी नाही. दुसरा मजला, खाली फरसबंदी. तळव्यावर टाचेची गोल खूण, आणि बोटांच्या पेरांवर पाच ठसे, अंगठ्याचा सर्वांत खोल. मी ते नाकाशी नेतो. ऐनाच्या सालीचा वास येतो. आपण म्हातारे झालो आहोत, डोकं जागेवर नसेल, असं मी स्वतःला म्हणतो. माती तशीच राहते.

हात न धुता मी कागद उचलतो. पायाखालच्या त्या वादीला दोन दिवस मी शब्द शोधत होतो. फास म्हणवत नव्हतं. घोड्याच्या खोगिराची रिकीब कोणाला कळली नसती. आता मी लिहितो: 'पाय ठेवायची वादी. ही नसेल तर वर चढू नका.' मग ती ओळ लिहितो, एकही शब्द न गाळता. आणि तिच्याखाली एक ओळ, जी इंग्रजीत नाही:

'शेजारच्या झाडावरचा माणूस लोंबकळताना दिसला, तर शांततेचा आणि न उतरण्याचा नियम त्या क्षणी संपला. ओरडा. उतरा. त्याच्या पायांखाली काहीही द्या, आपले हात द्या.'

कागदाच्या कडेला तांबडा डाग पडतो. माझं अक्षर वाकडं आलं आहे. ही ओळ घालायचा मला अधिकार आहे का, मला ठाऊक नाही. खोडायला हात जात नाही.

बेल वाजते. मी कोपरानं कडी काढतो.

"झालं का, काका?" हेमा आत येते, घामेजलेली, खांद्यावर पाण्याची बाटली. कागद घेते, उभ्या उभ्या वाचू लागते. पहिलं पान, दुसरं. तिसऱ्या पानावर ती सावकाश होते. मग थांबते. ओठ हलतात, पुन्हा पहिल्यापासून तीच ओळ वाचत असल्यासारखे.

ती वर बघत नाही. माझ्या हातांकडे बघते.

"काका, ही माती कसली?"

मला वाटत होतं, या वेळीही आवाज फुटणार नाही.

"बस, बाळा," मी म्हणतो. "तुझ्या बाबांच्या पायाची आहे."