आसाराम आणि रुक्मिणी

नेकनूरच्या बाजारातल्या निम्म्या दुकानांचं इंटरनेट दिपालीच्या एका जुन्या लिनक्स कॉम्प्युटरमधून जातं. तो बंद पडला की सगळे तिच्याच नावानं ओरडतात. म्हणून तिनं परवा त्याच्या शेजारी दुसरा बसवला. मी पलीकडचा टेलर, आणि मला नसत्या चौकशीची भारी खोड. शिवण तशीच टाकून बघायला गेलो.

दोन्ही डब्यांवर तिनं आईबापाची नावं चिकटवली होती. एकावर आसाराम, दुसऱ्यावर रुक्मिणी.

"हे कावून, पोरी?"

"मामा, ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एकच कोयता मोजतात ना? तसंच हाय. दोघांचा नेटवरचा पत्ता एकच. आसाराम सारखा 'मी हाय, मी हाय' म्हणतो, रुक्मिणी ऐकत बसते. आवाज थांबला की ती काम उचलते."

"अन् लोकांना कळत न्हाई?"

तिनं सरळ आसारामची वायर उपटली. माझ्या मोबाईलवर तिच्याच नेटवरून चाललेलं कीर्तन जरासं अडखळलं आणि पुढं चालू झालं.

"एका साली बाप तापानं फणफणलता. आईनं एकटीनं ऊस तोडला. गाड्या भरून गेल्या, कारखान्याला कुठं कळलं?"

तिनं वायर परत जोडली. आसारामचा दिवा लागला, पण स्क्रीनवर काम रुक्मिणीकडंच दिसत होतं.

"अगं, तो उठला की! त्याचं काम दे त्याला."

"एरवी तो आपोआपच मागून घेतो, मामा. ते मी बंद केलंय." दिपालीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "बाप उठला, कोयता त्यानं घेतला अन् आई परत मोळ्या वाहायला लागली. हितं तसं व्हायचं न्हाई."