मंगलनं धरलेला डूख

जतकडच्या माळावर मेंढरांमागं वाढलेली मंगल लग्न होऊन सांगलीला आली आणि विश्रामबागेत प्रियदर्शनी मॅडमच्या डे-केअरमध्ये ताई म्हणून कामाला लागली. शाळा सुटली की रिक्षातून पोरं उतरायची. कुणाचा डबा तसाच भरलेला, कुणी वाटेत ओकलेलं, कुणी मैत्रिणीशी भांडून फुरंगटलेलं. मंगल त्यांचे हातपाय धुवायची, चार घास भरवायची, गृहपाठाला बसवायची. आईबाप बँकेतून, कॉलेजातून येईपर्यंत पोरं तिच्या पदराला धरून असायची.

एका दुपारी मॅडमच्या बंगल्यावर पाहुणे यायचे होते.

"मंगल, जरा पुरणपोळ्या लाटून दे जा घरी."

"मॅडम, पोरं हायत. बनुबाई एकलीच ऱ्हाईल."

"राहू दे. तिला काय होतंय?"

मंगल गेली. इकडं दुसरी ताई, बनुबाई, दूध तापवत असताना पहिलीतल्या प्रांजलनं फाटकाची कडी काढली आणि ती रस्त्यावर गेली. मोटारसायकलची धडक बसून पोरीचा हात मोडला.

मंगल पळत आली तेव्हा हॉल पालकांनी भरला होता. प्रांजलची आई किंचाळत होती, "कुणाचं लक्ष होतं माझ्या मुलीकडे?"

मॅडमनी बोट दाखवलं. "हिचं. फोनवर बोलत बसली होती."

मंगलच्या हाताला अजून पीठ होतं. तिनं बनुबाईकडं पाहिलं. खरं ठाऊक असलेली तेवढी एकच बाई. बनुबाईनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

त्याच संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर मंगलचा फोटो पडला आणि खाली मजकूर, या बाईला कुणी कामावर ठेवू नये. तो फोटो गावभर फिरला. नवरा धनाजी म्हणाला, "सोडून दे गं. मोठ्यांशी कुठं लागतीस?" मंगलनं सोडलं नाही. नागिणीनं धरावा तसा तिनं डूख धरला.

माहेरी गेल्यावर तिनं सगळं बापाला सांगितलं. आप्पासोंनी आयुष्य मेंढरं राखण्यात घातलेलं. ते घोंगडी झटकत म्हणाले, "लांडग्यामागं पळून घावत न्हाई, पोरी. तो पाण्याला कुठं येतोय त्ये बघ."

मॅडमचं पाणी म्हणजे काम करणाऱ्या बाया. एवढं मंगलच्या ध्यानात आलं आणि तिनं साताऱ्याची एसटी धरली. साताऱ्यात हरणाबाईंनी डे-केअरमधल्या बायांची संघटना बांधली होती, हे तिच्या कानावर आलं होतं. कुणावर आळ आला तर संघटनेची माणसं तिच्याबरोबर जाऊन उभी राहायची. पोराला फिट आली, घशात काही अडकलं तर काय करायचं, ते बायांना डॉक्टरांकडून शिकवलं जायचं. आणि एक नियम पक्का होता. पोरं सांभाळायच्या वेळात मालकिणीच्या घरचं काम करायचं नाही.

तो नियम ऐकून मंगलला पुरणपोळ्यांची ती दुपार आठवली. आपल्या मागं तेव्हा या बाया असत्या तर!

हरणाबाईंनी तिला नीट न्याहाळलं. "सांगलीत शाखा काढ. पण डोळ्यांत इस्तू दिसतोय तुझ्या. संघटना समद्यांसाठी आसती बाई, एकीच्या सुडासाठी न्हाई."

"व्हय," मंगल म्हणाली. मनात तिनं काही कबूल केलं नव्हतं.

मग ती सांगलीभर हिंडली. मिरजेच्या बाजूला गेली, शंभरफुटी रस्त्याला गेली. बायांच्या घरी जाऊन चहा पीत त्यांचं ऐकून घेतलं. प्रत्येकीच्या पोटात काहीतरी साचलेलं होतंच. बघता बघता शाखा उभी राहिली आणि बाया तिलाच अध्यक्ष म्हणू लागल्या. एक दिवस अजून मॅडमकडंच कामाला असलेली बनुबाईही दारात आली. मंगलनं तिला आत घेतलं, पण पाणी विचारलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडल्या. मॅडमनी वरचा मजला घेऊन ठेवला होता, पोरं वाढली होती, आणि कामाला नवी बाई मिळेना. जिला विचारावं ती म्हणायची, "आमच्या संघटनेला इचारा." शेवटी मॅडम स्वतः बैठकीला आल्या.

"झालं गेलं विसर, मंगल. मी तुला परत घेते."

"मंगलताई म्हणा," मंगल म्हणाली. "आन् ज्या पालकांम्होरं खोटं बोलला, त्यांच्याम्होरं खरं बोला. मग बघू."

मॅडमचा चेहरा उतरला. "पुरावा काय?"

तेव्हा मागून बनुबाई उठली. "मी हाय पुरावा. पोळ्या लाटाय तुमीच धाडलंसा तिला. तवा मी भ्याले. आता ह्या समद्या हायत माज्यामागं."

रविवारी पालक जमले. मॅडम उभ्या राहून बोलल्या, अडखळत, रडत. प्रांजलची आई मंगलजवळ आली आणि तिचे हात धरून म्हणाली, "ताई, मी तुम्हाला नाही नाही ते बोलले." मंगलनं मान हलवली. तिची नजर मॅडमवरून हलत नव्हती.

सगळे पांगल्यावर मॅडमनी विचारलं, "आता बायका पाठवशील ना?"

"बोला म्हणाले होते. बाया देते कवा म्हणाले?"

महिना सरायच्या आत पालकांनी पोरं काढली आणि फाटकाला कुलूप लागलं. मंगल मुद्दाम त्या रस्त्यानं गेली. कुलपाकडं बघत उभी राहिली. कितीतरी दिवसांनी तिला जेवण गोड लागलं.

बनुबाईचं काम मात्र त्या कुलपाबरोबर गेलं. हरणाबाई साताऱ्याहून आल्या त्या तडकलेल्याच. "संघटना तू सुडाला वापरलीस."

"व्हय, वापरली."

"बनुबाईच्या पोटावर पाय आला त्याचं काय?"

बायांनी अध्यक्षपद काढून घेतलं, तिनंही निमूट दिलं. पुढचे दिवस दारोदार फिरून तिनं बनुबाईला कुपवाडच्या एका डे-केअरमध्ये लावून दिलं. तिथंच मग स्वतःही रुजू झाली. दोघी एकत्र पोरं सांभाळतात, कामापुरतं बोलतात.

मध्यंतरी डे-केअरची भाजी घ्यायला दोघी मंडईत गेल्या, तर मॅडम समोर आल्या. त्यांनी नजर चुकवून पलीकडची वाट धरली. बनुबाई हळूच म्हणाली, "जाऊ दे गं आता. लय खाली आल्या त्या."

"अजून यायच्या हायत," मंगल म्हणाली आणि भाजीवालीपुढच्या मेथीला हात घातला.