बर्फावरची आमची कारकीर्द

बर्फावर नाचणाऱ्या जोड्यांमध्ये बोईसर ते सातपाटी या पट्ट्यात आमचा पहिला नंबर होता. दुसरी जोडी नव्हती!

मुळात मला नाचता येत नाही. मी सांगलीचा, नोकरी तारापूरच्या एका कारखान्यात. बायको मंदा सातपाटीची, कोळ्यांची पोर. तिच्या माहेरी हळद लागली की म्हाताऱ्यासुद्धा काठी टाकून नाचतात. मी मात्र भिंतीला टेकून सगळ्यांच्या पर्सा, मोबाईल आणि कुणाचं तरी रडणारं बाळ सांभाळतो. (बाळ आणखी रडतं.)

गेल्या हळदीनंतर मंदा फुगून बसली.

"काय झालं?"

"लोक इचारतात, मंदाचा नवरा आला नाय काय? आन् तुमी तितंच उभे! एकदा तरी माज्याबरोबर नाचा ना ओ. मेल्यावर नाचनार काय?"

तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी हमखास काहीतरी मूर्खपणा करतो. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात आली. मुंबईच्या एका मॉलमध्ये हौशी नवरा-बायकोंसाठी बर्फावरच्या नाचाची स्पर्धा! मी विचार केला, जमिनीवर पाय उचलावे लागतात, तिथंच माझा घोळ होतो. बर्फावर पाय आपोआप सरकतात. म्हणजे निम्मा नाच बर्फच करणार! मी तिथल्या तिथं नाव नोंदवलं.

सरावाची अडचण नव्हती. मेव्हणा महेशचा सातपाटीत बर्फाचा कारखाना आहे. त्यानं अंगणात लाद्या मांडून दिल्या. मंदा लाटांवर हलणाऱ्या बोटीत लहानाची मोठी झालेली, ती पहिल्याच दिवशी भिरभिरायला लागली. मी पहिल्याच दिवशी आडवा. दुसऱ्या दिवशीही आडवा, पण जरा लांबवर जाऊन.

"भावजी," महेश घड्याळ बघत म्हणाला, "जरा लवकर लवकर पडा. बोटीत बर्फ भरायचाय."

मासळीच्या टोपल्या घेऊन निघालेल्या बायका थांबून बघायच्या. "मंदे, नवरा ताजा हाय तवर उचल गो!" (पुढं ती लादी फोडून पापलेटांवर पसरली गेली. त्या पापलेटांची मी मनापासून माफी मागतो.)

स्पर्धेच्या दिवशी सातपाटीहून टेम्पो भरून माहेर आलं. मंदानं जरीचं लुगडं चापूनचोपून नेसलं, केसांत अबोलीचा गजरा माळला आणि पायांत स्केट्स घातले. लेक इतकी नटलेली बघून सासूबाईंना राहवेना. "नजर लागंल गो माज्या जोडीला!" त्यांनी कनवटीची पुडी सोडली, मूठभर मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि बर्फाच्या रिंगणाच्या कठड्याशीच आमची दृष्ट काढली.

दृष्ट काढली, पण टाकायची कुठं? घरी चुलीत टाकतात. मॉलमध्ये चूल कुठून आणणार? सासूबाईंनी रखवालदाराला खुणेनं विचारलं. (दृष्ट काढताना बोलायचं नसतं.) तो घाबरून म्हणाला, "मावशी, यहाँ आग नहीं जलाने का!"

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. विस्तव नसेल तर वाहत्या पाण्यात सोडतात. आणि बर्फ म्हणजे तरी काय? पाणीच! त्यांनी कठड्यावरून मूठ उघडली.

इकडं आमचं नाव पुकारलं. गाणं सुरू झालं. मी छाती काढून पहिलं पाऊल टाकलं ते नेमकं मोहऱ्यांवर!

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. एक पाय वसईला, दुसरा डहाणूला, आणि मी पोटावर. लोक हसत होते. माझ्या मनात एवढंच आलं, संपलं, मंदाचा नाच मीच मातीत घातला.

"मंदे, मला सोड! तू एकटी नाच!"

"सोडतंय कोन! पट्टा घट्ट हाय ना?"

तिनं डाव्या हातानं माझा कमरेचा पट्टा धरला आणि नाचायला लागली! ती गिरकी घेई, की मी तिच्याभोवती पोटावर फिरे. ती पुढं सरके, की मी हनुवटीनं बर्फ पुसत मागून. माहेरची मंडळी कठडा बडवून ओरडत होती. सासूबाई पदर डोळ्यांना लावून म्हणत होत्या, "बगा, दिष्ट काडली म्हनून वाचले जावय!"

गाणं संपलं. मंदा घामानं भिजली होती, हसत होती आणि रडतही होती. परीक्षक बाई खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत आल्या.

"वा ताई, अप्रतिम! पण ही जोड्यांची स्पर्धा होती. तुम्ही एकट्याच नाचलात. आणि हे एवढं सामान कशाला घेतलंत बरोबर?"

मंदानं पट्टा आणखी घट्ट धरला.

"सामान नाय बाय, माजा नवरा हाय. आमी दोगं नाचलो!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत तिनं मला असं अभिमानानं कधी नवरा म्हटलं नव्हतं. मान वर करून आभार मानावेत, असं फार वाटलं. पण हनुवटी बर्फाला चिकटली होती.